जुलैत दार बंद करू नका

ग्रंथालय प्रमाणपत्राचा अभ्यास झालाय, दाखलनोंद वही लिहिता येते, पुस्तकांवर ड्यूईचे, म्हणजे विषयवार वर्गीकरणाचे, आकडे टाकता येतात, असं धरून लिहितोय. डोंगरावरच्या लहान गावात, सार्वजनिक वाचनालयात पहिली नोकरी लागलेल्यांसाठी हे आहे. माझी महाबळेश्वरच्या पठारावर लागली.

पगार तुटपुंजा असतो, अनुदानाचा हप्ता लांबला की तोही लांबतो. एकट्याच्या पगारावर घर असेल तर आधीच विचार करा.

आता माझी चूक. पहिल्याच वर्षी ग्रंथमोजणी जुलैत लावली. मे महिन्यात गाव पर्यटकांनी भरलेलं, पावसात सामसूम, मग तेव्हा कोण येणार? दारावर कागद चिकटवला: मोजणीसाठी पंधरा दिवस बंद. चौथ्या दिवशी घोडेवाले मामा दारात. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद, हातात कादंबरी. दुधाच्या पिशवीत घातलेली, पिशवीच्या तोंडाला सुतळी.

"ओ सर, मे म्हैन्यात उघडं, तवा आमाला भाकरी खायाला सवड न्हाई. आन आता रिकामं बसलोय, तर बंद?"

मला उत्तर देता आलं नाही.

या गावाचं वर्षच उलटं आहे. टॅक्सीवाले, घोडेवाले, चणे-चपलांचे दुकानदार, लॉजवरची मुलं, सगळी सीझनला राबतात. स्ट्रॉबेरीवाले सप्टेंबरनंतर लागणीत, मग मार्चपर्यंत तोडणीत. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. वीज जाते, रेंज जाते, घरात ओल. माणसाला चार माणसांत कोरडं बसायला जागा लागते. ती आपण देतो, आणि नेमकी तेव्हाच मी कुलूप लावलं होतं. लोक भिलारचं उदाहरण देतात. 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव झालं. घरं, देवळं, शाळा, सगळीकडे पुस्तकं, आणि पर्यटकही बसून वाचतात. ते फार चांगलं काम आहे. पण आपला सभासद पर्यटक नाही, हे मी विसरलो.

दुसरं नुकसान पुस्तकांचं. मोजणीसाठी 891.46 चे गठ्ठे फरशीवर काढून ठेवले. आठ दिवसांत पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी. मराठी साहित्याचं आख्खं कपाट पुसत बसलो.

मोजणी फेब्रुवारीत करा. हवा कोरडी असते. सकाळी एक कपाट, दाखल क्रमांक वहीशी ताडून, बाहेर गेलेली पुस्तकं देवघेवीच्या नोंदींवरून; दार उघडंच. कोणी म्हणेल, मागच्या वर्षीची यादी उतरव आणि सही कर. अजिबात करू नका. पुढे एखादं पुस्तक सापडलं नाही तर ती सही तुमची असते. गुरू करायचा तर तिथल्या जुन्या शिपायाला करा. कोणत्या महिन्यात कोण येतं हे त्याला माहीत असतं. मी विचारलंच नव्हतं.

चुका होतील, नोकरी जात नाही. मामा पुढच्या आठवड्यात परत आलेच. पेपरच्या टेबलावर गप्पा रंगल्या तर 'शांतता राखा'कडे बोट दाखवू नका. अभ्यासाच्या मुलांना आतली खोली द्या. व्हरांड्यात ओल्या रेनकोटांसाठी दोरी बांधा. आमच्या दाराशी दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांचा डबा असतो, पावसात पुस्तक नेणाऱ्याला एक पिशवी. सुतळी मामा आणून देतात.