झीला टर्बो लावताना: पुलीवरची खूण आणि माझा पाचवा पिस्टन

न्यू जर्सीत आयलंड ड्रॅगवेला, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर, त्या संध्याकाळी माझी ती चौथी धाव होती. गाडी १९७२ची दॅटसन २४०झी, आत १९८२च्या २८०झीएक्स टर्बोचं एल२८ईटी इंजिन, बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, १५ पीएसआय. तिसऱ्या गिअरमध्ये एकदम जोर गेला आणि आरशात निळा धूर दिसला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर ब्रीदरच्या पाइपातून तेल बाहेर फेकलं गेलं होतं. घरी येऊन कॉम्प्रेशन घेतलं. सहापैकी पाच सिलिंडर १३० पीएसआयच्या आसपास, पाच नंबरचा ५०.

दोन वर्षांची बचत आणि सगळे शनिवार त्या इंजिनात गेले होते. त्या रात्री मी गॅरेजमध्येच बसून राहिले. आज हे लिहिते आहे ते जुन्या जपानी गाडीला टर्बो लावून क्वार्टर माइल पळवायला निघालेल्या मंडळींसाठी. टर्बो म्हणजे काय, वेस्टगेट काय करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते.

माझं मिश्रण बिघडलेलं नव्हतं. हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड मीटर पूर्ण बूस्टला ११.५ दाखवत होता, म्हणजे पेट्रोल भरपूर. इंजेक्टर मोठे, पंप नवा, इंटरकूलर लावलेला. कॉम्प्युटरमध्ये पूर्ण बूस्टला टायमिंग १८ अंश, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचायच्या १८ अंश आधी ठिणगी, जे ९३ ऑक्टेनच्या पंपावरच्या पेट्रोलला जपूनच म्हणायचं. सगळे आकडे बरोबर होते आणि तरीही पिस्टन फुटला. म्हणून शोधायला तीन आठवडे लागले.

शोधलं बाबांनी, कोल्हापुरात बसून, फोनवर. त्यांचं उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगचं दुकान होतं, माझं लहानपण त्या लेथच्या आवाजात गेलं. मी त्यांना प्लगचा फोटो पाठवला होता. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके आणि त्यांत बारीक चमकणारे कण. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. फोटो बघून बाबा म्हणाले, "पोरी, हे नॉकिंगच हाय. टायमिंग कशावर लावलंस?" म्हटलं, टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) मारून, पुलीवरच्या खुणेवर. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "ती खूण कुठं मारलीया? रबराच्या भाईरच्या कड्यावर न्हवं? चाळीस वर्षांचं रबर हाय ते. कडं जाग्यावर हाय कशावरनं?"

कडं जागेवर नव्हतं. नऊ अंश पुढे सरकलं होतं.

हे नीट समजून घ्या, कारण यावर कुणी बोलत नाही. क्रँकच्या टोकाला जी पुली दिसते ती एकसंध नसते. आत हब, बाहेर जड कडं आणि मध्ये क्रँकचे हादरे शोषणारं रबर; म्हणून तिला डॅम्पर म्हणतात. टायमिंगची खाच बाहेरच्या कड्यावर असते. रबर म्हातारं झालं की हब आणि कडं एकमेकांवर घसरतात. बेल्ट फिरत राहतो, गाडी चालत राहते, कुठलाही दिवा लागत नाही. फक्त खूण आपली जागा सोडून देते. माझं कडं फिरण्याच्या दिशेनं पुढे गेलं होतं, त्यामुळे खाच वेळेआधीच शून्यावर पोचायची आणि लाइट टायमिंग मागे दाखवायचा. मी कॉम्प्युटरमध्ये नऊ अंशांची दुरुस्ती घातली. मला वाटलं मी चूक सुधारते आहे. प्रत्यक्षात १८च्या जागी २७ अंशांवर ठिणगी पडत होती.

टर्बो इंजिनात याचा अर्थ काय? पिस्टन अजून वर चढतोय आणि त्याच्या डोक्यावर स्फोटाचा दाब आधीच तयार होतोय. कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण त्या दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटतं आणि हातोडीचे घाव बसावेत तसे झटके पिस्टनवर बसतात. मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात ते ऐकू येत नाहीत. मूळच्या ओतीव पिस्टनची दोन रिंगांमधली पट्टी सगळ्यात आधी तुटते. माझ्या पाचव्या पिस्टनची ती पट्टी अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा होऊन हातात आली. जास्तीचं पेट्रोल इतक्या पुढच्या टायमिंगला वाचवू शकत नाही.

तपासायला एक संध्याकाळ लागते. जुना स्पार्क प्लग घ्या, आतली चिनी माती फोडून काढा आणि त्यात टोक गोल केलेला बोल्ट पक्का बसवा. हा झाला पिस्टन स्टॉप. सगळे प्लग काढा. एक नंबरचा पिस्टन चांगला खाली असताना स्टॉप आत फिरवून बसवा. आता क्रँक हातानं, पान्यानं, अगदी सावकाश घड्याळाच्या दिशेनं फिरवा. पिस्टन स्टॉपला टेकला की थांबा आणि काट्यासमोर पुलीवर खडूची रेघ मारा. मग उलट फिरवा, पुन्हा टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. माझ्या पुलीवर तो मध्य आणि कारखान्याची खाच यांत जवळपास १२ मिलिमीटरचं अंतर निघालं. या कामाला स्टार्टर अजिबात मारायचा नाही. पिस्टनला भोक पडेल.

पुली बरोबर निघाली तरी हबपासून रबरावरून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की घसरलं. आणि बूस्ट वाढवणार असाल तर नवा डॅम्पर आधी घ्या, मोठा टर्बो नंतर.

दुसऱ्याचा ट्यून, म्हणजे टायमिंग आणि पेट्रोलचे भरलेले आकडे, फुकट मिळतो म्हणून तो आपल्या कॉम्प्युटरमध्ये भरू नका, एवढं माझं ठाम मत आहे. त्यातले १८ अंश त्याच्या इंजिनाचे असतात. मला गाडी पळवायला शिकवणारे अनेक भेटले, पण बहुतेकांचा सल्ला "अजून दोन पीएसआय वाढव" इतकाच असायचा. ड्रॅगवेवर एक निवृत्त गोरे आजोबा होते. ते आधी माझे प्लग काढायला लावायचे आणि भिंगातून बघायचे. मी त्यांना कंटाळायचे, आणि त्या चार धावांच्या आधी प्लग दाखवायचे राहिले. असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

बाकी गोष्टी थोडक्यात. २४०झीचा पत्रा गंजतो. बॅटरीखालचा भाग आणि तळाच्या चौकटी आधी टोचून बघा, मग इंजिनावर पैसे घाला. चांगली, मूळ इंजिनाची सत्तरची झी कापू नका, कृपा करून. त्या आता फार उरल्या नाहीत. गंजकी २८०झी घ्या. मागच्या चाकांना ताकद वाटणारा मूळचा आर१८० डिफरन्शियल चिकट टायरवर झटक्यानं सोडला की टिकत नाही. आर२०० बसवा आणि हाफशाफ्टचे क्रॉस बदला. टर्बोचं तेल परत जायचा पाइप जाड आणि सरळ उताराचा हवा, कारण ते तेल फक्त गुरुत्वाकर्षणानं उतरतं.

पहिल्या काही धावांत शेवटचा आकडा बघू नका, पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ बघा. तिथे वाचवलेला एक दशांश सेकंद शेवटी साधारण दीड-दोन दशांश देतो, आणि त्याला बूस्ट लागत नाही, क्लच सोडायचा सराव लागतो. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची संस्था एनएचआरए, तिच्या नियमांत आपल्या जुन्या गाड्यांना ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आला की रोल बार लागतो, ९.९९ला पूर्ण केज. हा नियम डोक्याच्या कवटीसाठी आहे. आणि रस्त्यावर शर्यत लावायची नाही. इंग्लिशटाउनची पट्टी २०१८ला बंद झाली, ॲटको २०२३ला. आहेत त्या पट्ट्या जपायच्या असतील तर तिथेच जाऊन पळवा, दोन तास गाडी हाकावी लागली तरी.

भीती वाटत असेल तर वाटू द्या, पण थांबू नका. ही इंजिनं दणकट आहेत. एचकेएस ही कंपनी १९७३ला फुजी पर्वताच्या पायथ्याशी सुरू झाली, तेव्हापासून माणसं या जपानी गाड्यांना टर्बो लावत आली आहेत. माझं इंजिन फोर्ज्ड पिस्टन, नव्या रिंगा आणि होनिंग करून पुन्हा उभं राहिलं. आता खऱ्या १८ अंशांवर, त्याच १५ पीएसआयला, ते ११.९१ सेकंदांत धावलं. वेळेच्या स्लिपचा फोटो बाबांना पाठवला. त्यांनी उलट विचारलं, "प्लग काढून बघिटलंस का?"

बघितले होते. मातीवर एकही ठिपका नव्हता.

माझा पिस्टन स्टॉप गाडीच्या मागच्या डब्यात असतो. आयलंडला निळी झी दिसली तर मागून घ्या.