लिनक्स टाकताय? मग या चुका टाळा, आणि झाल्याच असतील तर असं निस्तरा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून "जुना लॅपटॉप चांगला चालतोय, त्यावर लिनक्स टाकू का" असं विचारणारे खूप जण भेटायला लागलेत आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. पण विचारणाऱ्यांतले बरेचजण महिन्याभरात परत विंडोजवर जातात, कारण विचारलं की म्हणतात लिनक्स अवघड आहे. अहो, इन्स्टॉल व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात फक्त. गडबड होते ती त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तासाभरात, आणि बहुतेक वेळा स्क्रीनवर काय लिहिलंय ते न वाचता पुढे जात राहिल्यामुळे.

कुठला डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार) निवडायचा यावर लोक आठ-आठ दिवस घालवतात, ते नका करू. पहिल्यांदाच टाकताय तर मिंट घ्या नाहीतर उबुंटूची एलटीएस आवृत्ती घ्या, विषय संपला. एलटीएसला ५ वर्षं अपडेट मिळतात आणि मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने, हे माहीत नसल्यामुळे जास्त नवीन आकडा बघून लोक मधली आवृत्ती उतरवतात आणि वर्षाच्या आत अपडेट बंद झाले म्हणून गोंधळतात. आकडा वाचायचा कसा तर २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल महिना, बाकी काही नाही.

पेनड्राइव्हपासूनच सुरुवात चुकते

आयएसओ फाइल (अख्खं लिनक्स ज्यात असतं ती डाउनलोड केलेली फाइल) पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली आणि त्यावरून मशीन बूट, म्हणजे सुरू, होत नाही, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकलीये. कॉपी करून चालत नाही, ती रुफस किंवा बलेना एचर सारख्या टूलने "राइट" करावी लागते, आणि राइट करताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं हेही लक्षात ठेवा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

आणि आयएसओ फक्त मूळ वेबसाइटवरून घ्या, चेकसम (फाइल जशीच्या तशी आलीये का ते तपासायचा आकडा) जुळवून बघा. हे कंटाळवाणं वाटतं मला माहितीये, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटची वेबसाइट हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक बदलून लोकांना बॅकडोअर (हॅकरला आत शिरायचा चोरदरवाजा) घातलेली आयएसओ दिली गेली होती. शिवाय डाउनलोड अर्धवट झालं असेल तर इन्स्टॉलर मध्येच कुठेतरी अडकतो, एरर भलतीच दाखवतो आणि आपण हार्डडिस्क खराब झाली समजून बसतो. विंडोजमध्ये सर्टयूटिल नावाची कमांड आधीपासून असते, ती फाइलचा शा-२५६ चेकसम काढून देते, तो वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळला की झालं.

विंडोज ठेवायचंय? मग आधी विंडोजमध्ये जा

ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा, कारण खरं रडणं इथेच होतं. नवीन लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) बऱ्याचदा आधीपासूनच चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. तुम्ही बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, बंद करता आणि पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागायला लागतं. ती की आधी शोधून कागदावर लिहून ठेवा, मग बाकीचं. फास्ट स्टार्टअप पण बंद करा, नाहीतर विंडोज बंद झालंय असं दिसतं पण खरं तर अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) उघडलं तरी त्यात काही सेव्ह करता येत नाही. जागा रिकामी करायची ती पण विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून श्रिंक करून, इन्स्टॉलरमधून ओढाताण करू नका.

इन्स्टॉलरला तुमची एसएसडी दिसतच नसेल तर घाबरू नका, ती मेलेली नाहीये. बायोसमध्ये स्टोरेज मोड "रेड" किंवा "आरएसटी" वर असेल, तो "एएचसीआय" करायचा. पण सरळ बदललात तर विंडोज निळ्या स्क्रीनवर जाईल, म्हणून आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग टूलमधून सेफ बूटवर टिक करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि मग ती टिक काढून टाका. क्रम चुकवू नका.

"इरेज डिस्क" वाली स्क्रीन

माझ्या मावसभावाच्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या, २५६ जीबीची एसएसडी विंडोजसाठी आणि १ टीबीची हार्डडिस्क डेटासाठी, आणि हार्डडिस्कवर मी १०० जीबी रिकामी करून ठेवली होती. इन्स्टॉलरमध्ये हार्डडिस्क निवडली, "इरेज डिस्क अँड इन्स्टॉल" दिसलं, मला वाटलं रिकामी जागाच वापरेल. तो डिस्क म्हणतो तेव्हा अख्खी डिस्क म्हणतो. शेवटच्या खिडकीत कुठली कुठली पार्टिशन बदलणार त्याची यादी आली होती, तीन ओळी होत्या, मी त्या वाचल्या नाहीत आणि कंटिन्यू दाबलं. दादाच्या लग्नाचे आणि मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो त्यात होते. नंतर फोटोरेक हे पुसलेल्या फाइल शोधणारं टूल चालवून बरेचसे परत आले पण नावं, फोल्डर, तारखा काहीच नाही, नुसते हजारो आकडे, आणि वहिनी कितीतरी रात्री बसून ते लावत होती. त्या दिवसापासून मी डेटाची डिस्क शक्य असेल तर केबल काढूनच ठेवतो आणि बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय कोणाच्याही मशीनला हात लावत नाही.

तुमच्याकडून असं झालंच तर त्या क्षणी मशीन बंद करा. जितकं वापराल तितकं जुन्या डेटावर नवीन लिहिलं जातं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरच लिनक्स चालवून) बूट करून रिकव्हरी करा आणि सापडलेलं तिसऱ्याच डिस्कवर साठवा.

हाताने पार्टिशन करत असाल तर अजून एक, ते शंभर-दोनशे एमबीचं ईएफआय पार्टिशन असतं त्याला फॉरमॅटची टिक लावू नका, विंडोजचा बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम) पण तिथेच राहतो. ते फक्त निवडायचं.

इन्स्टॉल करायच्या आधी लाइव्ह मोडमध्ये दहा मिनिटं घालवा. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून परत उघडल्यावर मशीन जागं होतंय का, एवढं बघा. वायफाय चालत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, मग त्याच इंटरनेटवरून वायफायचा ड्रायव्हर उतरवता येतो.

ती निळी स्क्रीन सोडून देऊ नका

एनव्हिडियाचं कार्ड आणि सिक्युअर बूट चालू, असं असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळ्या रंगाची एक जुनाट दिसणारी स्क्रीन येते, १० सेकंद थांबते आणि निघून जाते. लोकांना वाटतं एरर आहे, गेली ते बरं झालं. तिथे कुठलंही बटण दाबून "एनरोल एमओके" निवडायचं, कंटिन्यू, येस, आणि तोच पासवर्ड टाकायचा. हे केलं नाही तर ड्रायव्हर इन्स्टॉल झालेला असतो पण लोडच होत नाही. माझ्या एका मित्राने याच्यापायी तीनदा अख्खं लिनक्स परत टाकलं. परत टाकायची गरज नसते, उबुंटूवर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत; सुरुवातीचं सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालव) "सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की" चालवलं की पुन्हा पासवर्ड मागतो आणि पुढच्या रीस्टार्टला ती स्क्रीन परत येते.

बूट होताना नुसतीच काळी स्क्रीन येत असेल तर ग्रबच्या (कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या बूटलोडरच्या) मेनूत "ई" दाबा, "लिनक्स" ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी "नोमोडसेट" लिहा आणि एफ१० दाबा. हे तात्पुरतं आहे बरं का, आत गेल्यावर योग्य ड्रायव्हर टाकायचाच.

टर्मिनलमधल्या चुका

पासवर्ड टाइप करताना बऱ्याचदा काहीच दिसत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाहीये, टाइप करा आणि एंटर मारा. परमिशन डिनाइड आलं म्हणून सगळ्यावर "सीएचमॉड ७७७" (कोणालाही काहीही करायची परवानगी देणारी कमांड) चालवणं हा मात्र खरोखर वाईट उपाय आहे, रूट फोल्डरवर (जिच्यात अख्खी सिस्टिम असते त्या सगळ्यात वरच्या फोल्डरवर) चालवलंत तर सुडोसुद्धा काम करेनासं होतं. कुठेतरी मिळालेली कमांड चिकटवण्याआधी तिच्यातला प्रत्येक शब्द काय करतो ते "मॅन" कमांडने बघून घ्या.

"कुड नॉट गेट लॉक" असा मेसेज आला तर मागे आपोआप अपडेट चालू असतं, पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल डिलीट करायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, पॅकेजचा डेटाबेस अर्धवट राहतो. तसा राहिलाच तर "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए" आणि मग "सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल" या दोन कमांडने बहुतेक वेळा मार्गी लागतं. आणि एपीटी (सॉफ्टवेअर टाकणारी-काढणारी कमांड) काहीही टाकण्याआधी "हे काढून टाकलं जाईल" अशी यादी दाखवतो, तीत डेस्कटॉपचं नाव दिसलं तर वाय दाबू नका. सिस्टिमचा पायथन जुना वाटला म्हणून काढून टाकणारे पण इथेच फसतात, त्याच्यावर अर्धी सिस्टिम उभी असते, नवीन हवा तर शेजारी वेगळा टाका.

ड्युअल बूटमध्ये विंडोजचं घड्याळ काही तास चुकत असेल तर ती बॅटरी नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" असं सांगितलं की दोघांचं जुळतं.

सगळं नीट चालायला लागलं की त्याच दिवशी टाइमशिफ्ट नावाचं टूल लावून एक स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या क्षणाची प्रत) घ्या. ते सिस्टिमसाठी आहे, तुमच्या फोटोंचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. आणि एखाद्या अपडेटनंतर मशीन उठेनासं झालं तर सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा, ग्रबमध्ये "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" उघडा, तिथे आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) ठेवलेला असतो, त्याने बूट करा. आत पोचलात की "जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर" चालवा, मागच्या वेळी बूट होताना नेमकं काय अडलं ते बऱ्याचदा तिथे मिळतं.