काम करू न शकणाऱ्या अमेरिकी माजी सैनिकाने शंभर टक्के दराची भरपाई कशी मागावी

अमेरिकी सैन्यातील सेवेमुळे जडलेल्या आजारांसाठी तेथील माजी सैनिक विभाग, म्हणजे व्हीए, दहाच्या पटीत टक्केवारी ठरवतो आणि त्यानुसार दरमहा करमुक्त भरपाई देतो. टक्केवारी शंभरपर्यंत पोहोचली नाही, पण याच आजारांमुळे पोटापुरती नियमित नोकरी करणे अशक्य झाले असेल, तर ‘टीडीआययू’ (नोकरी करण्याच्या अक्षमतेमुळे पूर्ण अपंगत्व) या तरतुदीखाली शंभर टक्क्यांच्या दराने रक्कम मागता येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माजी सैनिकांना हेच नियम लागू आहेत आणि भारतात परतल्यानेही भरपाईचा हक्क जात नाही.

पात्रतेसाठी, एकच आजार असेल तर तो किमान ६० टक्क्यांचा असावा लागतो. एकाहून अधिक आजार असतील तर त्यांतील एक किमान ४० टक्क्यांचा आणि सर्वांची एकत्रित टक्केवारी किमान ७० असावी लागते. ही टक्केवारी साध्या बेरजेने निघत नाही. ५० आणि ३० टक्क्यांचे दोन आजार असल्यास, पन्नास वजा जाऊन उरलेल्या पन्नासाचे तीस टक्के, म्हणजे १५, धरले जातात. एकूण ६५ होतात आणि ते ७० असे पूर्णांकित केले जातात. एकाच अपघातात झालेल्या वेगवेगळ्या दुखापती पात्रतेपुरत्या एकच आजार म्हणून मोजता येतात, ही सवलत मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. अटींत न बसणाऱ्याचे प्रकरणही संपत नाही. प्रादेशिक कार्यालय ते भरपाई विभागाच्या संचालकांकडे विशेष विचारासाठी पाठवू शकते, अर्थात हा मार्ग लांबचा आहे.

कागदपत्रे जमवायला वेळ लागणार असेल, तर आधी अर्ज करण्याचा इरादा नोंदवावा, म्हणजे पूर्ण अर्ज वर्षभरात दिल्यास साधारणपणे इरादा नोंदवल्याची तारीख ग्राह्य धरली जाते आणि मागील रक्कम बुडत नाही. मुख्य अर्ज २१-८९४० क्रमांकाचा असून, त्यात शिक्षण, प्रशिक्षण आणि काम केलेल्या शेवटच्या पाच वर्षांतील नोकऱ्यांचा तपशील द्यावा लागतो. शेवटच्या मालकाकडून २१-४१९२ हा नमुना भरून घेतला जातो. ती कंपनी बंद पडली असल्यास तसे लेखी कळवावे. काम कोणत्या आजारामुळे सुटले, या प्रश्नाचे उत्तर विशेष जपून लिहावे. वय आणि सेवेशी संबंध नसलेले आजार या निर्णयात विचारात घेतले जात नाहीत, त्यामुळे “आता वय झाले” असे कारण अर्जात लिहिणे आपल्याच मागणीला मारक ठरते.

माझ्या मते प्रकरण खरे उभे राहते किंवा कोसळते ते वैद्यकीय अभिप्रायावर. “हे काम करू शकत नाहीत” एवढ्या एका वाक्याच्या दाखल्याला फारसे वजन नसते, कारण नोकरीक्षमतेचा अंतिम निर्णय डॉक्टरांचा नसून व्हीएचा असतो. सलग किती वेळ बसता किंवा उभे राहता येते, किती वजन उचलता येते, महिन्यातून किती दिवस अंथरुणावर जातात, औषधांनी गुंगी येते का, सूचना लक्षात राहतात का, वरिष्ठांशी खटके उडतात का, हे अभिप्रायात यावे. कष्टाच्या कामाबरोबर बैठ्या कामाचाही त्यात विचार व्हावा. शिक्षण आणि कामाचा अनुभव येथे जमेस धरला जातो. आयुष्यभर सुतारकाम केलेल्या, शालेय शिक्षणावरच थांबलेल्या माणसाला टेबलावरचे काम सहज जमेल असे गृहीत धरता येत नाही. पत्नी, भावंडे किंवा जुने सहकारी यांची लेखी निवेदनेही जोडावीत.

व्हीएच्या वैद्यकीय तपासणीला गैरहजर राहू नये. “कसे आहात?” या प्रश्नाला “बरे आहे” म्हणण्याची आपली सवय तेथे महागात पडू शकते, त्रास वाढवून सांगू नये, पण वाईट दिवस कसा जातो हे लपवूही नये.

थोडेफार काम करत असलेल्यांनीही अर्ज सोडून देऊ नये. अमेरिकी जनगणना विभागाने एका व्यक्तीसाठी ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या आत वार्षिक कमाई असेल, तर ते साधारणपणे किरकोळ काम मानले जाते, पोटापुरती नियमित नोकरी नव्हे. घरच्या व्यवसायात खास सवलती मिळून चाललेली नोकरीही, कमाई त्याहून जास्त असली तरी, त्यात बसू शकते. मात्र त्या सवलतींचे स्वरूप लेखी दाखवावे लागते.

अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी अर्जासाठी विनामूल्य मदत करतात. व्हीएचा पहिला निर्णय येण्यापूर्वी अर्ज तयार करून देण्याचे शुल्क घेण्यास वकिलांनाही मनाई आहे, त्यामुळे तशी मागणी करणाऱ्यापासून दूर राहावे. अर्ज नामंजूर झाल्यास निर्णयपत्राच्या तारखेपासून एका वर्षात नव्या पुराव्यासह पूरक दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी किंवा अपील मंडळ यांपैकी एक मार्ग निवडावा. फेरतपासणीत नवा पुरावा चालत नाही, म्हणून अभिप्राय अपुरा होता असे निर्णयपत्रावरून दिसल्यास पूरक दावाच योग्य.

मंजुरीपत्रात अपंगत्व कायमस्वरूपी मानले आहे का, हे वेगळे तपासावे, कारण कुटुंबीयांचे आरोग्यसंरक्षण आणि मुलांच्या शिक्षणाचे साहाय्य त्यावर अवलंबून असते.