तांब्याचे खोटे आकडे कसे गाळले

नागपूर जिल्ह्यात उमरेड-भिवापूरकडे मातीच्या नमुन्यांवरून तांब्याचा माग काढायचा होता. पहिला नकाशा आला तर जिकडेतिकडे जास्त तांबं दाखवणारे लाल ठिपके! एवढं तांबं असतं तर लोकांनी आजवर सोडलं असतं होय?

मुख्य गोंधळ दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकाचा. त्याच्या काळ्या मातीत तांबं मुळातच 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100 भाग) आसपास, कधी त्याहून जास्त. इथल्याच साकोली नावाच्या जुन्या खडकांच्या पट्ट्यात फिलाइट-शिस्ट हे पापुद्र्यांचे खडक आहेत, त्यांच्यावरच्या मातीत पुष्कळ कमी. दोन्हींची सरासरी एकत्र काढली की काळी रानं उगाच चमकतात आणि खरी खूण बुडते. म्हणून खालच्या खडकाप्रमाणे नमुन्यांचे गट पाडले, प्रत्येक गटाची नेहमीची पातळी वेगळी धरली. निम्मे ठिपके तिथेच गळाले.

उरलेल्यांत मिरचीची शेतं होती. कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकाची फवारणी, दुसरं काय! ते तांबं वरच्या थरातच अडकतं, त्यामुळे वरची माती बाजूला सारून वीतभराखालची घेतली. चाळणी मात्र स्टीलचीच हवी. पितळेची झिजून तांबं-जस्त नमुन्यात मिसळतं.

आता ठिपके थोडेच, पण शिस्टचे थर ज्या दिशेने जातात त्याच दिशेने एका ओळीत. जस्तही तिथेच चढलेलं. चर खणायला त्याच ओळीवरून सुरुवात केली आहे.