ब्राउझरमधला गंधार
कोल्हापुरात संगणकशास्त्राची पदवी घेत असताना मी संध्याकाळी मंगळवार पेठेत गाणे शिकायला जात असे. आज मी गायनाच्या विद्यार्थ्यांसाठी ब्राउझरमध्ये चालणारी सरावाची पाने तयार करतो. या कामात येऊ पाहणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो कोणती लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रॅमचा संच) शिकावी हा. माझे उत्तर त्यांना फारसे रुचत नाही: लायब्ररी पंधरा दिवसांत हाताला बसते, पण तिने गृहीत धरलेले सप्तक आपल्या गाण्याचे नाही हे उमगायला मला जवळजवळ वर्ष लागले.

माझे पहिले पान स्वर तपासण्याचे होते. विद्यार्थ्याने मायक्रोफोनसमोर गायचे, पानाने आवाजाची कंपनसंख्या मोजायची आणि काटा हिरव्या पट्ट्यात आला की स्वर बरोबर, असा सरळ हिशोब होता. एके दिवशी वर्गातील एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने तानपुऱ्यात पूर्ण मिसळून गेलेला गंधार लावला आणि माझा काटा मात्र लाल पट्ट्यातच अडकून राहिला. गुरुजी हसून म्हणाले, "तुझं यंत्र पेटीवर शिकलंय काय रे?" ते थट्टेने बोलले खरे, पण निदान अचूक होते. बहुतेक तयार साधने सप्तकाचे बारा समान भाग करतात आणि त्यामुळे त्यांचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) येतो. तानपुऱ्याच्या षड्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र ५:४ या गुणोत्तराचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर असतो. पंचमाच्या बाबतीत हाच फरक जेमतेम २ सेंटचा आहे आणि मी सगळ्या चाचण्या पंचमावरच घेतल्या होत्या, म्हणून चूक तोवर झाकलेली राहिली.

दुरुस्ती करताना मी सगळ्यांसाठी एकच धरलेला ४४० हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा, ठरावीक आधार काढून टाकला, प्रत्येकाचा षड्ज आधी गाऊन नोंदवून घेतला आणि बाकीचे स्वर त्याच्याशी असलेल्या गुणोत्तराने मोजले. तरीही दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा, कोमल गंधार कोणत्याही एका आकड्यावर बसेना, कारण तो मुळात एका जागी थांबणारा स्वरच नाही. शिवाय मुले तानपुरा ऐकण्याऐवजी काट्याकडे पाहून आवाज वरखाली करू लागली होती, आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकी शाहू महाराजांच्या आश्रयाने जेथे रुजली त्या कोल्हापुरात हे कोणी खपवून घेणार नव्हते. अखेर मी काटा पूर्ण काढला. आता गाताना पडदा कोरा असतो. गाऊन झाल्यावर आपला स्वर कसा गेला हे विद्यार्थ्याने आधी स्वतः नोंदवायचे आणि त्यानंतरच स्वररेषा उमटते. हा बदल जेमतेम दहा ओळींचा होता, पण माझ्या मते पानाला शैक्षणिक साधन म्हणता येईल ते येथूनच.

तांत्रिक अडचणी ठरलेल्या आहेत, पण नवख्याचे दिवस त्यांतच जातात. ब्राउझरमध्ये ध्वनी निर्माण करण्याची वेब ऑडिओ ही प्रणाली २०२१ मध्ये अधिकृत मानक झाली. वापरणाऱ्याने कोठेतरी स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज सुरू होऊ देत नाही, म्हणून सुरुवातीलाच एक स्पष्ट बटण द्यावे. मायक्रोफोन मागताना प्रतिध्वनी काढणे, गोंगाट दाबणे आणि पातळी आपोआप राखणे या तिन्ही सोयी बंद कराव्यात. त्या बोलण्यासाठी घडवलेल्या असतात आणि लांब धरलेल्या षड्जाला गोंगाट समजून दाबून टाकतात. तालासाठी जावास्क्रिप्टच्या साध्या टायमरवर विसंबू नये, ठेक्याचे बोल ध्वनिप्रणालीच्या स्वतःच्या घड्याळावर थोडे आधी नेमून ठेवावेत. ब्लूटूथ हेडफोनमध्ये दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, तर मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्राच २५० मिलिसेकंदांची असते. त्यामुळे तालाच्या सरावाला तारेचा हेडफोन हवा, हे पानावरच लिहून टाकावे.

तानपुरा साध्या ऑसिलेटरवर, म्हणजे प्रोग्रॅमने निर्माण केलेल्या सरळ सुरावर, करण्याचा मोह मलाही झाला होता. जवारीशिवाय, म्हणजे घोडीवर तार टेकून उठणाऱ्या भरीव झंकाराशिवाय, तो डासासारखा गुणगुणतो. शेवटी मिरजेच्या कारागिराने जवारी काढून दिलेल्या तानपुऱ्याची एकेक तार वेगळी ध्वनिमुद्रित केली आणि तारा छेडण्याचा क्रम व वेग तेवढा प्रोग्रॅमकडे सोपवला.

पोटापाण्याबद्दल स्पष्ट सांगतो: माझी नियमित कमाई इतर संकेतस्थळांच्या कामातून होते, संगीताची कामे अधूनमधून येतात. या वाटेने येणाऱ्याने पहिल्या सहा महिन्यांत एकच पान करावे: षड्ज निवडता येणारा तानपुरा आणि त्याखाली आवाज नोंदवण्याचे बटण. ते स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर, इंटरनेट बंद करून, एखाद्या गाणे शिकवणाऱ्याच्या घरी चालवून पाहावे आणि त्या वेळी आपण मध्ये काहीही समजावून सांगू नये. माझ्या गुरुजींना बटण सापडायला चार मिनिटे लागली होती, कारण मी ते तानपुऱ्याच्या चित्रात लपवले होते.