सेकंड होम पाहुण्यांना भाड्याने देताय? या चुका टाळा

"घर तयार आहे, फोटो काढून झालेत, पुढच्या शनिवारपासून बुकिंग सुरू करतोय." असा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते : त्या घरात तुम्ही सलग दोन रात्री शेवटच्या कधी राहिलात? बहुतेकांना आठवत नाही. जाऊन आलेले असतात, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतलेले. रात्री अकराला शॉवरला किती दाब असतो, पहाटे कुठल्या खोलीत डास येतात, बेडरूमच्या दाराची कडी आतून लागते का, हे मालकाला माहीत नसतं आणि पैसे भरून आलेल्या पाहुण्याला पहिल्याच रात्री कळतं. मी अकरा वर्षं माझं दुसरं घर पाहुण्यांना देतेय, ओळखीतल्या बऱ्याच जणांना सुरुवात करून दिली आहे. त्याच त्या चुका पाहून आता खरंच जीव थकतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

गाद्या मोजून माणसं ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे. तीन बेडरूम, सहा माणसांचे पलंग, हॉलमध्ये सोफा-कम-बेड, माळ्यावर जादा गाद्या. हिशेब केला आणि जाहिरातीत लिहिलं, "बारा जणांची सोय". दुसऱ्याच पावसाळ्यात तीन रात्रींसाठी बारा जणांचा गट आला. चांगली माणसं होती, लहान मुलं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन आला, "ताई, संडासात पाणी चढतंय, खाली जातच नाहीये." मी पोहोचले तेव्हा खालच्या बाथरूमच्या जाळीतून काळपट पाणी वर आलेलं होतं आणि त्यात कुणा मुलाची निळी चप्पल तरंगत होती. मैला उपसणाऱ्या गाडीवाल्याने दुसऱ्या दिवसाची वेळ दिली. मी सगळे पैसे परत केले, त्यांची दुसरीकडे सोय लावून दिली आणि संध्याकाळपर्यंत घर धुवत राहिले.

झालं काय होतं? सेप्टिक टाकी चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेली. तिच्यात आलेलं पाणी निदान एक दिवस तरी शांत थांबावं लागतं, म्हणजे गाळ तळाला बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी शोषखड्ड्यात जातं. बारा जणांच्या अंघोळी आणि धुण्याचं पाणी एकाच सकाळी आत ढकललं की गाळ ढवळतो आणि तोच शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रं बुजवतो. त्यात पावसाने जमीन आधीच भिजलेली, ती आणखी पाणी घेईना. शिवाय पाइपात वेट वाइप्सचा, म्हणजे पाकिटातून मिळणाऱ्या ओल्या टिश्यूंचा, बोळा निघाला. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते टिश्यू विरघळत नाहीत.

तेव्हापासून माझी पद्धत अशी : घरात किती माणसं, हे टाकी आणि पाणी ठरवतं. माझ्या जाहिरातीत आता सहा आकडा आहे आणि तो मी कुणासाठीही वाढवत नाही, "मुलं तर लहानच आहेत" म्हणणाऱ्यांसाठीसुद्धा. भरलेल्या घराची टाकी साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसायची असते, मी दोन वर्षांनीच उपसते आणि ती तारीख मीटरच्या पेटीच्या दाराला आतून ऑइलपेंटने लिहून ठेवते. वह्या हरवतात, मीटरची पेटी हरवत नाही. प्रत्येक संडासात झाकणाची कचरापेटी आणि भिंतीवर एका ओळीची सूचना : कमोडमध्ये फक्त संडासचा कागद टाका. भरमसाट ब्लीच आणि ॲसिड ओतणंही बंद केलं. टाकीतलं काम जिवाणू करतात, ते मेले की टाकी नुसती साठवणीची उरते.

वरच्या पाण्याच्या टाकीलाही हाच हिशेब लावा. माणशी रोज किमान दीडशे लिटर धरा. सुट्टीवर आलेला माणूस घरच्यापेक्षा जास्त वेळ शॉवरखाली उभा राहतो, हे गृहीतच धरा.

आज गेले, आजच दुसरे आले

अकराला चेक-आउट, दोनला चेक-इन. मध्ये तीन तास. नवशिके सांगतात, "होईल की, मदतनीस आहे." एका पलंगाच्या चादरींना मशीनचा एक फेरा दीड तासाचा, वाळायला निदान तेवढाच वेळ, आणि पलंग तीन. मग ओलसर चादर तशीच घातली जाते, उशीचा अभ्रा उलटा करून चढवला जातो. पाहुणा रात्री गादीवर आडवा होतो, गालाला दमट लागतं, डोळ्यासमोर दुसऱ्याचा लांब केस दिसतो. त्या क्षणानंतर तुमच्या खिडकीतून कितीही सुंदर दिसत असो, त्याला काही दिसत नाही.

प्रत्येक पलंगामागे चादरी-अभ्ऱ्यांचे तीन संच घ्या. एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. सगळे पांढरे. रंगीत चादरीवर डाग लपतो असं वाटतं, पण लपलेला डाग तुम्हाला दिसत नाही आणि पाहुण्याला दिसतो. पांढऱ्या चादरी साठ अंशांवर धुता येतात आणि त्या तापमानाला ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. ढेकणांचं गांभीर्य लोकांना कळत नाही. ते पाहुण्यांच्या बॅगांतून येतात, अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, आणि मोठे झालेले ढेकूण न खाता काही महिने तग धरू शकतात. "घर बंद ठेवलं की मरतील" ही खुळी आशा आहे. प्रत्येक चेक-आउटला गादीची शिवण बोटाने उलगडून टॉर्च मारायचा. शाईच्या टिंबासारखे काळे ठिपके दिसले की पुढचं बुकिंग रद्द करायचं आणि त्याच दिवशी कीटकनाशकवाल्याला बोलवायचं.

मदतनिसाच्या बाबतीतही माझं मत ठाम आहे. तिला प्रत्येक चेक-आउटचे पैसे वेगळे द्या आणि दोन पाहुण्यांमध्ये एक रिकामी रात्र ठेवा. त्या रात्रीचं भाडं बुडतं म्हणून हळहळणाऱ्यांना मी एवढंच सांगते की मी ती रात्र नऊ वर्षं सोडतेय आणि घर अजून चालू आहे.

बाथरूममधला गॅस गीझर

बंद बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर बुकिंग घेऊच नका. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, या वायूला वास नाही आणि रंगही नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि माणसाला वाटतं प्रवासाचा शीण असेल. गीझर बाहेर मोकळ्या जागी हलवा किंवा विजेचा बसवा. गॅसवर किंवा लाकडावर काहीही जळत असेल तर झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून पाहा, आणि मागे छापलेली बदलण्याची तारीख डायरीत उतरवा. मी हा भोंगा पाहुण्यांना स्वतः वाजवून दाखवते.

विजेच्या टाकीवाल्या गीझरचं तापमान साठ अंशांवर ठेवा. वीस ते पंचेचाळीस अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, ते शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. नळाला येणारं पाणी मात्र मिक्सर नळाने थंड पाणी मिसळून कोमट करा, मुलांचे हात भाजतात. घर आठवडाभर बंद असेल तर पाहुणे येण्याआधी सगळे नळ आणि शॉवर चांगले वाहू द्या.

बाकीच्या, पण रोजच्या

बंद घरात गटाराचा वास येतो, मालक अत्तराच्या बाटल्या आणून ठेवतात. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्यात साचून गटाराचा वास अडवणारं पाणी सुकलेलं असतं, एक तांब्या ओता. जास्त दिवस बंद ठेवणार असाल तर वरून चमचाभर तेल सोडा, पाणी सावकाश उडतं.

किल्ली कुंडीखाली ठेवू नका. कोडचं कुलूप घ्या, प्रत्येक पाहुण्यानंतर आकडा बदला.

दोन साइट्सवर जाहिरात असेल तर कॅलेंडर आपोआप जुळतं यावर विसंबू नका. ते जुळायला काही तास लागू शकतात, आणि लाँग वीकएंडला दोन कुटुंबं एकाच दारात उभी राहायला तेवढे पुरतात. बुकिंग आलं की दुसऱ्या साइटवरची तारीख मी हाताने बंद करते.

घरात कॅमेरा नको, हॉलमध्येसुद्धा नाही. एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्याच्या साइटने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे पूर्ण बंद केलेत. बाहेर असेल तर जाहिरातीत स्पष्ट लिहा.

वाइड अँगल लेन्सने फुगवलेले फोटो काढू नका. छोटी खोली छोटीच दाखवा.

परवानगीचं "नंतर बघू" म्हणणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. पॅरिस आणि ॲमस्टरडॅममध्ये पर्यटकांना घर देण्याची सोपी सवलत स्वतःच्या राहत्या घरालाच आहे, दुसऱ्या घराला ती लागू नाही. न्यूयॉर्कमध्ये तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामाला यजमान घरातच असावा लागतो आणि पाहुणे दोनच, आणि सप्टेंबर २०२३ पासून त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. तुमच्या गावचा, इमारतीचा, सोसायटीचा नियम पलंग विकत घेण्याआधी लेखी मिळवा.

विम्याचा कागदही तेव्हाच वाचा. घराच्या साध्या पॉलिसीत पैसे घेऊन ठेवलेल्या पाहुण्यांनी केलेलं नुकसान बहुधा धरलेलं नसतं. विमा कंपनीला ईमेलने विचारा, फोनवर मिळालेलं "हो" कामाचं नाही.

आणि पुराव्याची सवय लावा. पाहुणे गेले की मदतनिसाने झाडू हातात घेण्याआधी मी मोबाइलवर सलग व्हिडिओ काढते : दारापासून सुरुवात, प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, फ्रीजचा आतला भाग, गादीची खालची बाजू, शेवटी मीटरचा आकडा. सहा मिनिटं लागतात. पुढचे पाहुणे येण्याआधी तोच फेरा पुन्हा.