दोन सिलिंडरच्या जुन्या मोटरसायकलचे कॅम टायमिंग कसे जुळवावे

जुन्या ट्रायम्फसारख्या समांतर ट्विन इंजिनाचे टायमिंगचे झाकण काढले की क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) छोटे चाक, मधले चाक आणि दोन्ही कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्यांची) चाके दिसतात. त्यांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या की काम झाले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या खुणा दात कुठे अडकवायचे एवढेच सांगतात. मधल्या काळात कॅमशाफ्ट बदलला असेल, चाक दुसऱ्या इंजिनातून आले असेल किंवा चावीची (चाक शाफ्टवर पक्के धरणाऱ्या छोट्या पट्टीची) खाच सैल झाली असेल, तर व्हॉल्व्ह नेमका केव्हा उघडतो हे क्रँकवर अंश मोजल्याशिवाय कळत नाही. पुढील रीत दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येणाऱ्या, दात्यांच्या चाकांवर चालणाऱ्या इंजिनासाठी आहे.

सुरुवात तरीही खुणांपासूनच करावी. दोन्ही स्पार्क प्लग काढून क्रँक पान्याने हळूहळू, इंजिन चालते त्याच दिशेने फिरवावा. बराच वेळ फिरवूनही सगळ्या खुणा एकदम जुळत नाहीत म्हणून घाबरू नये. या इंजिनात क्रँकच्या चाकाला 25, मधल्याला 47 आणि कॅमच्या चाकांना 50 दाते असतात, आणि 47 ही मूळ संख्या असल्यामुळे सर्व खुणा 94 फेऱ्यांनी एकदाच समोरासमोर येतात. कॅमची चाके काढायची असतील तर त्यांच्या नटांचे आटे उलटे आहेत हे लक्षात ठेवावे आणि पुलरच (चाक ओढून काढायचे अवजार) वापरावा.

यानंतर क्रँकच्या प्रायमरीकडच्या, म्हणजे क्लचच्या बाजूच्या टोकाला अंशांची तबकडी घट्ट बसवावी, म्हणजे टायमिंगची बाजू कामासाठी मोकळी राहते. क्रँककेसच्या एखाद्या बोल्टला जाड तारेचा काटा बांधावा. पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू, म्हणजे टीडीसी, नुसत्या डोळ्यांनी किंवा प्लगच्या भोकात सळई घालून ठरवू नये, कारण तिथे क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. त्याऐवजी प्लगच्या भोकात पिस्टनला थोडे आधीच अडवणारा बोल्ट बसवावा. तो व्हॉल्व्हला लागत नाही याची खात्री करून क्रँक एका दिशेने हलकेच टेकेपर्यंत फिरवावा, आकडा लिहावा, मग उलट दिशेने टेकवून दुसरा आकडा घ्यावा. एका बाजूला 22 आणि दुसऱ्या बाजूला 26 अंश आले, तर दोन्हीकडे 24 दिसेपर्यंत काटा सरकवावा. आता तबकडीचा शून्य हाच खरा टीडीसी होय. बोल्ट काढायला विसरू नये. इथे एका अंशाची चूक राहिली तर पुढची सगळी मापे त्याच अंशाने चुकतात, म्हणून ही पायरी दोनदा करणे मला तरी आवश्यक वाटते.

सर्वाधिक गोंधळ व्हॉल्व्हच्या फटीबाबत होतो. इंजिन चालवताना ठेवायची टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली) फट आणि टायमिंग तपासताना ठेवायची फट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमच्या उंचवट्याच्या दोन्ही टोकांना आवाज कमी करण्यासाठी अगदी मंद चढ दिलेला असतो. चालवण्याच्या बारीक फटीवर मोजले तर व्हॉल्व्ह या चढावरच केव्हातरी उघडतो आणि फटीतल्या केसभर फरकाने आकडा कितीतरी अंश इकडेतिकडे होतो. म्हणून पुस्तिकेत तपासणीसाठी वेगळी, मोठी फट दिलेली असते, बहुधा 0.020 इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. पुस्तिकेतले उघडण्या-मिटण्याचे अंश त्या फटीवरचेच असतात.

ती फट ठेवून व्हॉल्व्हच्या वरच्या टोकावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) टेकवावा. इनलेट (इंधनमिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह हलू लागतो तो अंश आणि तो बसतो तो अंश लिहून घ्यावा. क्रँक नेहमी पुढेच फिरवावा. ठरलेला बिंदू ओलांडला गेला तर पाव फेरी मागे नेऊन पुन्हा पुढे यावे, नाहीतर दात्यांमधली ढिलाई मोजमापात शिरते. समजा पुस्तिकेप्रमाणे इनलेट टीडीसीच्या 34 अंश आधी उघडायला हवा आणि खालच्या बिंदूनंतर 55 अंशांनी मिटायला हवा. मग एकूण कालावधी 34, 180 आणि 55 मिळून 269 अंश होतो. त्याचा अर्धा 134.5, त्यातून 34 वजा केले की उंचवट्याचा मध्य टीडीसीनंतर 100.5 अंशांवर येतो. झिजलेल्या कॅमची दोन्ही टोके पुस्तिकेशी जुळणार नाहीत, पण त्याचा मध्य बराचसा भरवशाचा राहतो, आणि म्हणून जुळवणी मध्यावरूनच करावी. एक्झॉस्टचे गणित हेच. फक्त मध्य टीडीसीच्या आधी येतो. दुसऱ्या सिलिंडरचेही एकदा मोजावे, कारण एकाच शाफ्टवरचे दोन उंचवटे सारखे झिजलेले असतीलच असे नाही.

आता दुरुस्ती. समजा इनलेटचा मध्य 105 अंशांवर आला, म्हणजे कॅम 4.5 अंश मागे आहे. पन्नास दात्यांच्या चाकाचा एक दात सरकवला तर क्रँकचे 14.4 अंश बदलतात, जे फारच जास्त आहे. याचसाठी चाकात चावीच्या तीन खाचा दिलेल्या असतात. त्या समान अंतरावर असतील तर खाच बदलल्याने दाताच्या तिसऱ्या भागाइतका, म्हणजे 4.8 अंशांचा फरक साधतो. कॅम पुढे नेणारी खाच निवडली की मध्य 100.2 वर येतो आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी तेवढे पुरे आहे. खाच बदलल्यावर कारखान्याच्या खुणा निरुपयोगी ठरतात, म्हणून नव्या जुळणीवर स्वतःची खूण करून तिची नोंद ठेवावी.

वेगळा कॅम, उंच पिस्टन किंवा मोठे व्हॉल्व्ह बसवले असतील तर पिस्टनच्या माथ्यावर मऊ प्लॅस्टिसिनचा थर लावून हेड कसावे आणि क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवावा. उमटलेल्या ठशाची सर्वांत पातळ जागा इनलेटपाशी दीड आणि एक्झॉस्टपाशी दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर इंजिन चालू करू नये.

शेवटी टॅपेटची फट पुन्हा चालवण्याच्या मापावर आणावी. ज्या इंजिनात पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) एक्झॉस्ट कॅमशाफ्टवरून चालतात, तिथे कॅम हलवला की ठिणगीची वेळही हललेली असते. त्यामुळे इग्निशन नव्याने जुळवूनच किक मारावी.